ब्रोकन अर्थ ट्रिलजी अर्ध्यात न सोडता कशी वाचायची

एन. के. जेमिसिनच्या ह्या तीन पुस्तकांना, म्हणजे द फिफ्थ सीझन, द ओबेलिस्क गेट आणि द स्टोन स्काय, २०१६, २०१७, २०१८ असं सलग तीन वर्षं ह्युगो, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीतला मोठा पुरस्कार, मिळालं, आधी असं कुणालाच जमलं नव्हतं. ते ऐकून लोक पहिलं पुस्तक घेतात आणि साठ-सत्तर पानांत बाजूला ठेवतात. मी पण ठेवलं होतं, दोनदा. तिसऱ्या वेळी कळलं की गडबड आपल्या वाचण्यात आहे, प्रत्येक शब्द तिथल्या तिथे कळलाच पाहिजे हा हट्ट धरून बसलं की ही सिरीज वाचूनच होत नाही.

आधी एक सांगून ठेवते. सुरुवातीलाच एक आई आहे आणि तिच्यासमोर तिच्या लहानग्या मुलाचं प्रेत, मारलंय बापानेच. पुढेही लहान मुलांचे हाल आहेत. सध्या ते झेपणार नसेल तर थांबा, पुस्तक कुठे पळून जात नाही.

आता पहिल्या पुस्तकाच्या नावातला घोळ. आपल्याकडे ऋतू सहा, त्यामुळे पाचवा ऋतू म्हटलं की मला तरी हेमंत आठवतो, गुलाबी थंडी वगैरे. पुस्तकातल्या जगात चार ऋतू धरायचे आणि पाचवा म्हणजे मरणाचा. ज्वालामुखी किंवा मोठा भूकंप होतो, राखेनं आभाळ झाकतं, कमीत कमी सहा महिने हिवाळा संपतच नाही. असे बरेच होऊन गेलेत आणि त्यांची यादी पुस्तकाच्या शेवटी आहे. ही यादी आधी वाचली तरी चालते, मी तर म्हणते वाचाच, दोन-तीन पानांत त्या जगाचा स्वभाव कळतो. त्यामागे शब्दार्थही आहेत, तिथे बोट घालून ठेवा पण दर ओळीला उलटून बघू नका, दिवसाला एकदा पुरे. फॅन विकी, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेली माहितीची साइट, मात्र अजिबात उघडायची नाही!! मी एका पात्राचं स्पेलिंग बघायला गेले आणि पहिल्याच ओळीत पुस्तकातलं सगळ्यात मोठं गुपित फुटलं, अजून जीव जळतो.

नावं लक्षात ठेवायची माझी युक्ती अशी. तिथे माणसाचं पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं नाव, मग यूज-कास्ट, म्हणजे गावाला तुमचा उपयोग काय त्यावरून पडलेली जात, मग गाव. गावाला कॉम म्हणतात. बिनॉफ लीडरशिप युमेनेस असं. म्हणजे शेवटचा भाग आपल्या कर-वाल्या आडनावासारखा, ही बिनॉफ युमेनेसकर. मधला भाग जन्मानं चिकटतो, मुलाला बापाचा आणि मुलीला आईचा, आणि संकट आलं की गावात कुणाला ठेवायचं न कुणाला हाकलायचं ते बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. हे मराठी वाचकाला समजवायला लागू नये. ज्यांची नावं सायनाइट, अलाबास्टर, फेल्डस्पार अशी दगडांची, ते फलक्रम नावाच्या संस्थेत तयार केलेले ओरोजीन. ओरोजीन म्हणजे जमिनीचा हादरा थोपवू शकणारी माणसं. त्यासाठी ते आजूबाजूची ऊब ओढून घेतात, म्हणून त्यांच्याभोवती एक गोल पडतो आणि त्या गोलात गवत, किडे, पक्षी, सगळं जागच्या जागी गोठतं. माणूस आत सापडला तर माणूस पण. म्हणून लोक घाबरतात आणि त्यांना रॉगा म्हणतात. ती शिवी आहे. कोण कुठला शब्द वापरतंय, आणि स्वतःला रॉगा कोण म्हणवून घेतंय, ह्यावर लक्ष ठेवा, अर्धं राजकारण तिथेच कळतं.

पहिल्या पुस्तकात गोष्टी तीन आहेत, एसुन, दमाया आणि सायनाइट. धडा कुणाचा ते बहुतेक वेळा मथळ्यातच असतं, पण घाईत आपण मथळे वाचतच नाही, ते वाचा. मी बुकमार्कच्या कागदावर तीन रकाने केले होते आणि धडा संपला की एकच ओळ लिहायचे, हिला आज काय कळलं. कोण काय म्हणालं ते नाही हं, काय कळलं ते. पुस्तक संपल्यावर तो कागद बघताना जी मजा आली ती सांगता येत नाही, सांगणारही नाही. धड्याच्या शेवटी दगडी पाट्यांवरची वचनं वगैरे येतात, ती पण गाळू नका.

एसुनचा भाग सगळ्यांना खटकतो कारण तो 'यू' म्हणून लिहिलाय. इंग्रजीत कळत नाही तो तू आहे का तुम्ही. मी मनातल्या मनात तू धरलं, तू उठतेस, तू चालायला लागतेस, आणि एकदम सूर बदलला, कुणीतरी जवळचं माणूस शेजारी बसून तिला तिचीच गोष्ट सांगतंय असं वाटायला लागलं. मग आपोआप प्रश्न पडतो की हे बोलतंय कोण. तो प्रश्न डोक्यात राहू द्या, उत्तर मिळतं.

पहिल्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य आधी उघडून बघायचं नाही. आणि ते वाचून झालं की दुसरं पुस्तक हाताशी पाहिजे. दुसरं जरा संथ आहे, एका जागी बराच वेळ रेंगाळतं, पण त्यात एसुनच्या मुलीचा धागा सुरू होतो आणि माझ्या मते सिरीजमधलं सगळ्यात बोचरं लिखाण त्यातच आहे. ऑडिओबुक रॉबिन माइल्सनं छान वाचलंय, पण ते दुसऱ्या फेरीला ठेवा, पहिल्यांदा ऐकताना मागची पानं चाळता येत नाहीत आणि इथे चाळावीच लागतात.

तिसऱ्यात मधेमधे सिल अनागिस्ट नावाच्या फार जुन्या शहराचे धडे येतात, त्यांना पाच, चार, तीन असे उलटे आकडे आहेत. छपाईची चूक नाही ती, मोजत रहा.