समुद्राचा ट्रेनिंग कोर्स करायचाय? आधी घरच्या बादलीत सराव करा

खानापूरची पोरगी समुद्रावर पीएच.डी. करते म्हटलं की लोक हसतात. ‘इथं कुठला गं समुद्र?’ मी त्यांना म्हादई दाखवते. आमच्याच तालुक्यातल्या देगावजवळच्या रानात ती उगम पावते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथून जवळच.

यंदा आमच्याकडच्या, समुद्रावर पीएच.डी.ला लागलेल्या दोघातिघांनी विचारलं, कुठले कोर्स करावेत. विद्यापीठाचं कोर्सवर्क आणि प्रकाशन-नीतीचा पेपर सगळ्यांनाच असतो, तो पहिल्या वर्षात उरका आणि मोकळे व्हा.

खरं शिकायचं ते बाहेर. घरबसल्या सुरुवात करायची तर युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाचं ओशनटीचर हे ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ आहे. हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या राष्ट्रीय केंद्रात, प्रशिक्षण केंद्र आहे, तिथले कोर्स बहुतेक डेटावर असतात. उदाहरणार्थ आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात सोडलेलं तरंगतं स्वयंचलित यंत्र, दर 10 दिवसांनी 2000 मीटर खोलीवरून वर येतो आणि तापमान, क्षारता उपग्रहाला सांगतो. हा डेटा सगळ्यांना खुला आहे. जायच्या आधी एका तरी फ्लोटचा डेटा उतरवून ओशन डेटा व्ह्यूमध्ये आलेख काढून बघा, सॉफ्टवेअर फुकट आहे. मी रिकाम्या हातानं गेले होते. पहिला दीड दिवस लॅपटॉपवर सॉफ्टवेअर चढवण्यातच गेला, आणि शेजारचा पोरगा तोवर अरबी समुद्र रंगवून मोकळा झाला की!

बोटीवरचा किंवा प्रयोगशाळेतला कोर्स मिळाला तर दुसरं सगळं सोडून तो घ्या. व्हिडिओ बघून हात बसत नाही. निस्किन बाटलीतून, म्हणजे खोलवरचं पाणी वर आणणाऱ्या नळकांड्यातून, सगळ्यात आधी ऑक्सिजनचा नमुना घेतात, कारण हवा लागली की आकडा बिघडला. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी संथ सोडायचं आणि बाटलीच्या दोनतीनपट वाहून जाऊ द्यायचं. एकही बुडबुडा अडकता कामा नये. मग मँगनीज क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड ही दोन्ही रसायनं पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायची, बूच लावायचं, हलवायचं. तपकिरी साका बसतो. रसायनाचं काम प्रयोगशाळेतच, पण नळीचा सराव मी आमच्या न्हाणीत केला. बादली स्टुलावर, खाली औषधाची रिकामी बाटली. आई म्हणाली, ‘एवढं शिकून पाणीच भरतीस होय!’ बुडबुडा न येता भरायला मला चार दिवस लागले.

आता कागदपत्रं, आपल्याकडचं खास दुखणं. दहावीच्या मार्क्स कार्डावर बेलगाम, आधारवर बेळगावी. 2014 साली नाव बदललं ते कार्यालयात एकेकाला समजावत बसावं लागतं. कन्नड दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून ठेवा. आणि विभागप्रमुखांचं ना-हरकत पत्र अर्जाची तारीख कळताच मागा. माझा एक कोर्स निव्वळ सहीपायी हुकला. फाईल टेबलावर अकरा दिवस पडून होती, साहेब लग्नसराईत.

गोव्याला जाताना चोर्ला घाटाच्या वळणांवर ज्यांना मळमळतं त्यांना बोटीवर चुकत नाही. डॉक्टरांना विचारून गोळी आणा, आणि ती बोटीत चढायच्या आधी घ्या. पोट ढवळायला लागल्यावर घेतलीत तर ती बाहेरच पडते.