पेट सिटिंगचं काम आणि ऑनलाइन डिरेक्टऱ्या: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

पुण्यात कुत्री-मांजरं सांभाळण्याचं काम सुरू करणारे नवे लोक भेटले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, जस्टडायल-सुलेखासारख्या कुठल्या डिरेक्टरीचं पैसे भरून पॅकेज घेऊ? मी कोथरूड-कर्वेनगर भागात हेच काम करते आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: सुरुवातीला कुठलंच घेऊ नका. फुकट मिळतं ते आधी नीट भरा.

नळ गळत असेल तर माणूस दिसेल त्या पहिल्या नंबरला फोन लावतो. प्राणी सांभाळायला देताना तसं होत नाही. घराची किल्ली आणि लाडाचं जनावर अनोळखी माणसाच्या हाती द्यायचं असतं, त्यामुळे तो फोटो बघतो, रिव्ह्यू वाचतो, मगच नंबर दाबतो. डिरेक्टरीला पैसे देऊन लीड, म्हणजे ग्राहकाची चौकशी, घेतली की तीच चौकशी बऱ्याचदा आणखी चार-पाच जणांकडेही गेलेली असते. त्यात ज्याच्या नावापुढे रिव्ह्यू नाहीत तो मागे पडतो आणि पैसे मात्र गेलेले असतात.

म्हणून सुरुवात गूगल बिझनेस प्रोफाइलपासून, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या धंद्याच्या नोंदीपासून, करा. ते पूर्ण मोफत आहे. तुम्ही लोकांच्या घरी जाऊन काम करत असाल, तर स्वतःचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचे भाग दाखवता येतात. गूगल असे २० भाग घालू देतं, पण मोह आवरा. कोथरूडात राहून खराडीचं काम घेतलं, तर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन-येऊन सगळी संध्याकाळ संपते आणि कुत्रा तिकडे दाराशी ताटकळतो. कोथरूड, कर्वेनगर, वारजे, एरंडवणे, बावधन एवढं मला पुरतं.

नाव जे आहे तेच लिहा. नावातच ‘बेस्ट डॉग बोर्डिंग इन पुणे’ घुसडणं गूगलच्या नियमात बसत नाही, प्रोफाइल बंद पडू शकतं. त्यासाठी कॅटेगरी असते. इथे लोक ‘डॉग हॉस्टेल’ म्हणतात, ‘बोर्डिंग’ही म्हणतात. तुम्ही प्राणी स्वतःच्या घरी ठेवून घेता, मालकाच्या घरी जाता, की फक्त फिरवून आणता, हे वर्णनाच्या पहिल्याच ओळीत स्पष्ट करा. पडताळणीसाठी बहुतेकदा न थांबवता एक सलग व्हिडिओ काढावा लागतो: रस्त्याची पाटी, पट्टे-भांडी-कॅरियर असं कामाचं सामान, आणि धंद्याचं एखादं कागदपत्र. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन विनामूल्य होते. महाराष्ट्रात मोजकीच माणसं कामाला असतील, तर शॉप ॲक्टसाठी नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. हे दोन कागद आधीच काढून ठेवा.

आता मजकूर. ‘प्रेमाने काळजी घेऊ’ हे सगळेच लिहितात, त्यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. त्याच्या मनात भीती असते आणि तिला उत्तर हवं असतं. एका वेळी किती प्राणी ठेवता? रात्री सोबत कोण असतं? बाल्कनीला जाळी आहे का? औषध देता का? अडचण आली तर कुठल्या व्हेटकडे नेता? रेबीजच्या लसीचं कार्ड बघितल्याशिवाय मी प्राणी घेत नाही, हे मी ठळक लिहिलं आहे. त्याने काही फोन कमी होतात, पण जे येतात ते जबाबदार लोकांचे असतात. काय करत नाही तेही लिहा: माजावर आलेली मादी घेत नाही, चावरा कुत्रा आधी भेटल्याशिवाय घेत नाही. आणि देशी कुत्र्यांना, ज्यांना आपण आता इंडी म्हणतो, घेत असाल तर आवर्जून सांगा. इंडीवाल्या पालकांना नकार ऐकायची सवय झालेली असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते तुम्हाला विसरत नाहीत.

फोटो स्वतःचेच हवेत, आणि पालक गावाला असताना त्यांच्या घराचे फोटो कधीही टाकू नका. घर रिकामं आहे हे जगाला कळवण्यासारखं होतं ते. रिव्ह्यूला उत्तर देतानाही सोसायटीचं नाव घेऊ नका.

रिव्ह्यू किल्ली परत देताना मागा. सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू घेणं नियमाबाहेर आहे, आणि तसा रिव्ह्यू वाचताना जाणवतोही. ‘छान सर्व्हिस’पेक्षा ‘आमच्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरला दोन वेळा इन्सुलिन दिलं’ ही ओळ जास्त काम करते, तेव्हा पालकांना नेमकं काय झालं तेवढं लिहायला सांगा.

जस्टडायल आणि सुलेखावर मोफत नोंद जरूर करा. जस्टडायल १९९६ साली फोनवरून माहिती देणारी सेवा म्हणून सुरू झाली, आणि आजही ज्येष्ठ मंडळींना तेच नाव आठवतं. सगळीकडे नाव आणि नंबर तंतोतंत एकच ठेवा. नंबर व्हॉट्सॲपवर चालणारा हवा, कारण शोधणारा नेहमी पुण्यातच असतो असं नाही. आई-बाबा सहा महिने अमेरिकेत यायचेत आणि घरी मांजर आहे, म्हणून न्यू जर्सीहून मुलगी ‘कोथरूड कॅट सिटर’ शोधते. वर्णनात भागाचं नाव असेल तर तिला लगेच कळतं.

या कामासाठी सिम वेगळं घ्या. नंबर डिरेक्टरीत गेला की फसवे फोनही येतात. ‘गूगलकडून बोलतोय, पैसे भरा नाहीतर लिस्टिंग बंद होईल’ हे खोटं असतं. दुसरा प्रकार म्हणजे लष्करात असल्याचं सांगून, कुत्रा न दाखवताच ॲडव्हान्स पाठवतो म्हणणारा. तो क्यूआर कोड पाठवून स्कॅन करायला सांगतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. फसवले गेलात तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

मे महिना, गणपती आणि दिवाळी हे आपले हंगाम. दिवाळीत फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी चौकशा येतात, म्हणून महिनाभर आधी प्रोफाइल ताजं करा. जागा भरल्या की तसं तिथेच लिहा, म्हणजे लोकांना वेळेत दुसरीकडे बघता येतं.

आणि प्रत्येक फोनला विचारा, ‘नंबर कुठून मिळाला?’ वहीत लिहून ठेवा. एक अख्खा हंगाम गेला, गाठीशी पुरेसे रिव्ह्यू आले आणि एखाद्या डिरेक्टरीतून खरोखर कामं मिळालेली वहीत दिसली, तर तिथलं पॅकेज घ्यायला हरकत नाही. तेही सगळ्यात छोट्या मुदतीचं, आणि आपोआप नूतनीकरणाची अट आधी वाचून.