छोट्या नळीत परफ्यूजन करताना या चुका टाळा

परफ्यूजनचा, म्हणजे पेशी आत राखून मीडिया (त्यांचं द्रव खाद्य) सतत बदलत राहणारा, मोठा रिॲक्टर नुसता बघण्यासाठी चालवणं कुणालाच परवडत नाही, म्हणून आधी 10-15 मिलीत तालीम करायची. इथवर ठीक. पण मोठ्या टाकीत ज्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, तेच इथे निकाल फिरवतं.

पहिला मान बाष्पीभवनाचा. सोलापूरचा एप्रिल वाळवणाला उत्तम, पेशींना नव्हे. इथल्याच एका लॅबमध्ये सीएचओ (चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या) पेशींचं 10 मिली कल्चर, हवा खेळती ठेवणाऱ्या झाकणाच्या नळ्यांत, शेकर इन्क्युबेटरमध्ये फिरत होतं. विद्यार्थी रोज सेंट्रीफ्यूज करून 5 मिली जुना मीडिया काढायचा आणि 5 मिली नवा घालायचा. आठवड्याने धावत आला, "सर, पेशींची डेन्सिटी दहा टक्क्यांनी वर!" ऑस्मोलॅलिटीही (द्रवात विरघळलेल्या कणांची दाटी) चढलेली दिसली तेव्हा मीडियाच्या लॉटला शिव्या घालून झाल्या. मी म्हटलं, आधी नळी तराजूवर ठेव. 10 चे 9 मिली झाले होते आणि इन्क्युबेटरमधला पाण्याचा ट्रे ठणठणीत कोरडा! अशा वेळी एकही पेशी न वाढता मिलीमागचा आकडा 11 टक्क्यांनी फुगतो. माझ्याकडे प्रत्येक नळीवर मार्करने वजन लिहिलेलं असतं. तूट निर्जंतुक पाण्याने भरून काढल्याशिवाय मी कुणाला मोजणीला हात लावू देत नाही.

रोजचं अर्धा मिली सॅम्पल म्हणजे 10 मिलीतले 5 टक्के. 2000 लिटरच्या टाकीतून रोज 100 लिटर सॅम्पल कोण काढतं? ते ब्लीडमध्येच (पेशींसकट मुद्दाम बाहेर काढायच्या कल्चरमध्ये) धरा.

मोठ्या टाकीचा आरपीएम (ढवळण्याचा वेग) उचलून नळीला लावू नका. नळीतला पीएच बघूनही हुरळू नका. इथे कार्बन डायऑक्साइड सहज निघून जातो, तिथे साचतो.

दिवसातून एकदाच मीडिया बदलून त्याला परफ्यूजन म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. ग्लुकोज दिवसभर घसरतं आणि बदलताच उसळतं. निदान दोनदा बदला, भले रविवारी यावं लागो.

आणि घाई. रोज एक व्हॉल्यूम (कल्चरइतकाच) मीडिया बदलतो, म्हणून तिसऱ्या दिवशी "स्टेडी स्टेट आली", म्हणजे सगळं स्थिरावलं, असं जाहीर करणारे दरवर्षी भेटतात. मीडिया बदलला, पेशी कुठे बदलल्या? ब्लीड दिवसाला 0.2 व्हॉल्यूम असेल तर पेशींचा सरासरी मुक्काम 5 दिवसांचा. असे तीन मुक्काम, म्हणजे 15 दिवस, उलटल्याशिवाय आलेला ग्राफ मी बघतच नाही.