कवडीची नखं

लेक शिकायला पुण्याला गेली आणि जाताना तिचा ससा माझ्या गळ्यात टाकून गेली. ससा कसला, सशीण. पांढरी, अंगावर काळे ठिपके, म्हणून कवडी. नौपाड्यातल्या घरात पुढच्या खोलीत मी गेली 30 वर्षं ब्लाऊज शिवतेय, कात्रीला घाबरणारी बाई नव्हे. तरी तिची नखं कापायला पहिल्यांदा बसले तेव्हा घाम फुटला.

रानातला ससा खणतो, पळतो, त्याची नखं झिजतात. आमच्या गुळगुळीत टाइल्सवर ती नुसती वाढतात. लांब झाली की पाऊल सपाट टेकत नाही, भार टाचेवर येतो. सशाच्या तळव्याला मांजरासारखी गादी नसते, केसच असतात. ते गेले की जखम. शिवाय पायपुसण्याच्या धाग्यात नख अडकून मुळापासून निघतं, ते वेगळंच. चार ते सहा आठवड्यांनी बघायचं. मी संकष्टीला बघते, म्हणजे विसरत नाही.

नखं एकूण 18. मागच्या पायांना चार-चार, पुढच्यांना पाच-पाच. पुढचं पाचवं आतल्या अंगाला, जरा वर, केसांत दडलेलं असतं. लेकीनं ते कधी कापलंच नव्हतं, वळून पार हूक झालं होतं. हूक-काज करण्यात जन्म गेला माझा, पण दिसलं नाही!

मांजराच्या नखांची छोटी कात्री घ्या. आपलं नेलकटर नको, त्यात नख चेपतं आणि उभं चिरतं. सोबत जाड टॉवेल, मोबाइलचा टॉर्च आणि वाटीत तुरटीची पूड.

आता धरणं. खरं काम हेच, कापणं त्यामानानं सोपं. कान धरून उचलायचं नाही, कधीच नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. सशाच्या मागच्या पायांत जोर फार आणि कणा नाजूक. अधांतरी असताना त्यानं लाथ झाडली तर कणा मोडू शकतो. म्हणून मी खाली सतरंजीवरच बसते, पडली तरी वीतभरच. आमचे हे तिला टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरतात, मी एकेक पाय बाहेर काढते. उताणं पाडलं की ससा गप्प राहतो असं कुणी सांगेल. राहतो, पण भीतीनं थिजून. तसं करू नका.

पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते. तिच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर सोडून कापा. काळ्या नखाला खालून टॉर्च लावा, सावली दिसेल तिथवर जिव्हाळी. तरी शंका असेल तर कात्रीनं आधी हलकेच दाबा. पाय मागे ओढला तर आणखी टोकाकडे या. कापड जास्त कापलं गेलं तर जोड तरी देता येतो, इथे तेही नाही. नख फारच लांब असेल तर दर पंधरवड्याला नुसतं टोक उडवा, जिव्हाळी हळूहळू मागे सरते.

एकदा दारात गिऱ्हाईक उभं होतं आणि मी घाई केली. मागच्या पायाचं काळं नख, जिव्हाळीला लागलं. फरशीवर रक्ताचे थेंब, ह्यांचा चेहरा पांढरा. तुरटीची पूड कापसावर घेऊन नखाच्या टोकाशी दाबून धरली. सारखं उचलून बघू नका, दोन-तीन मिनिटं धराच. थांबलं. तुरटी नसेल तर कॉर्नफ्लोअरही चालतं. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, किंवा नख मुळातूनच उपटलं, तर डॉक्टरकडे न्यायचं. सशांची माहिती असलेला डॉक्टर आधीच शोधून ठेवा. सगळेच ससे बघत नाहीत.

अठराही नखं एका बैठकीत व्हायला हवीत असं नाही. ती जोरात धापा टाकायला लागली की मी सोडून देते, उरलेली उद्या. मे महिन्यात तर सकाळी सातच्या आतच, दुपारच्या उकाड्यात टॉवेलात गुंडाळलेला ससा तापतो.

झालं की कोथिंबिरीची काडी. कवडी आधी मागचा पाय फरशीवर आपटून राग काढते, मग काडी घेते आणि माझ्याकडे पाठ करून खाते.