या चुका टाळा : चोरासाठी कुत्रं बांधून ठेवू नका

सोमवारी सकाळी शटर वर केलं की बाहेर कोणीतरी काखेत सीपीयू धरून उभं असतंच. रविवारी पोरांना सुट्टी, म्हणून सोमवारी मला काम. आणि वाक्य ठरलेलं : "काही केलं नव्हतं ओ, आपोआप झालं."

सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून मला वीसेक वर्षं झाली. आपोआप शिरणारे व्हायरस असतात, नाही असं नाही. एकाची गोष्ट पुढे सांगतो. पण माझ्या टेबलावर आलेल्या मशीनांपैकी बहुतेकांत माणसानं स्वतः दार उघडून दिलं होतं, वर 'होय, पुढे जा' या बटणावर दोनदा टिचकी मारली होती.

अँटिव्हायरस बंद करून चालवा, असं सांगणारी फाइल

मार्केट यार्डातले एक हळदीचे अडत व्यापारी. माणूस भला, म्हणून नाव नको. मार्च महिना, हळदीचे सौदे जोरात, वर्षअखेर तोंडावर. त्यांचा पुतण्या नुकताच बारावी झालेला, 'त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं' असा घरात लौकिक. पोराला मित्राच्या वाढदिवसाचा बॅनर करायचा होता. चौकात लागतो तसला : वर नेतेमंडळी, खाली पंचवीस जणांचे गोल फोटो, मधे गॉगलवाला उत्सवमूर्ती. त्यासाठी फोटोशॉप पाहिजे, आणि तेही फुकट पाहिजे.

यूट्यूबवर व्हिडिओ, व्हिडिओखाली लिंक, लिंकवर झिप फाइल. झिपला पासवर्ड १२३४. आत एक सेटअप आणि एक साधी टेक्स्ट फाइल. ती मी नंतर वाचली. पहिली सूचनाच अशी : आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच व्हायरस दाखवतो.

म्हणजे चोर आधी फोन करून सांगतोय, 'येतोय मी, तेवढं कुत्रं बांधून ठेवा.' आणि आपण उठून बांधतो.

झिपला पासवर्ड कशाला, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. कुलूप लावलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला बघता येत नाही, म्हणून. फुकट वाटायच्या वस्तूला कुलूप लावून किल्ली शेजारीच टांगलेली असेल, तर ते कुलूप तुमच्यासाठी नसतं, तपासणाऱ्यासाठी असतं.

पोरानं डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद केला, सेटअप चालवला. काहीच उघडलं नाही. परत चालवला. तिसऱ्यांदा 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. मग कंटाळून मोबाइलवरच बॅनर केला आणि मशीन चालू ठेवून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडलं तर त्यात पेढीची 'कंपनी'च दिसेना. एक्सेलच्या फाइलींची हिरवी चित्रं जाऊन कोरी पांढरी पानं आलेली. 'हळद पट्टी फेब्रुवारी' या नावाच्या शेवटी चार अनोळखी अक्षरांची शेपटी. प्रत्येक फोल्डरात 'रीडमी' नावाची चिठ्ठी : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. शेठनी मला पहिला प्रश्न विचारला, "अजून काही कमी करतील का?" सगळं आयुष्य सौद्यात गेलेलं, दुसरं काय विचारणार.

हा 'स्टॉप' कुळातला रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस. याला 'डीजेव्हीयू' असंही म्हणतात. क्रॅक आणि ॲक्टिव्हेटर, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायच्या फाइली, यांच्या पोटातून येणं हाच याचा धंदा. फाइलींना तो कुलूप घालतो आणि विंडोजनं स्वतःहून ठेवलेल्या जुन्या प्रतीही पुसून टाकतो. कुलूप घालताना त्याचा स्वतःच्या सर्व्हरशी संपर्क झाला नसेल, तर तो आधीच ठरलेली एक किल्ली वापरतो, आणि ती कधी ना कधी अभ्यासकांच्या हाती लागू शकते. संपर्क झाला असेल तर प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी. मग हात टेकायचे. 'नो मोअर रॅन्सम' म्हणून एक संकेतस्थळ आहे, २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी मिळून काढलेलं. तिथं सोडवणुकीची साधनं फुकट मिळतात. मी तिथलं साधन चालवून पाहिलं. आमच्या नशिबी वेगळी किल्ली होती.

पैसे भरू नका म्हणालो. भरून किल्ली मिळेलच याची हमी कोण देणार? मग विचारलं, "बॅकअप?" शेठचा चेहरा उजळला. "आहे की!"

लावून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

टेबलामागून एक टीबीची डिस्क निघाली. निघाली म्हणजे काय, यूएसबीत खुपसलेलीच होती. घेतल्या दिवसापासून तिथंच. वर धुळीचा आणि हळदीचा थर. तिच्यातल्या प्रत्येक फाइलीला तीच चार अक्षरांची शेपटी. अहो, मशीनला जी डिस्क दिसते ती व्हायरसलाही दिसते.

शेवटी सीएंकडे डिसेंबरपर्यंतच्या डेटाची एक प्रत सापडली. त्यापुढचं सगळं पट्ट्या आणि पावत्यांच्या कार्बन प्रतींवरून परत टाइप केलं. दोन माणसं, एकोणीस दिवस. त्यातलं निम्मं टायपिंग त्या पुतण्यानं केलं. शिक्षा म्हणून नव्हे, घरात वेगानं टाइप करणारा तोच होता.

खरं तर सांगलीकराला बॅकअप समजावून सांगायची वेळ यायला नको. शेजारच्या हरिपूरचे हळद साठवायचे पेव आठवा. जमिनीखाली, हवाबंद, हळदीला कीड नाही की काही नाही. २००५ च्या पुरात त्याच पेवांत पाणी शिरलं. सगळं एकाच जागी ठेवलं की असं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर माझ्याकडे चिखलानं भरलेली मशीनं आली. एका गिऱ्हाइकानं बॅकअपची डिस्क अगदी शहाण्यासारखी रोज काढून ठेवलेली. ठेवलेली कुठं? त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये.

माझी स्वतःची पद्धत गावठी आहे, पण सांगतो. दोन डिस्क. एकीला लाल इन्सुलेशन टेप, दुसरीला हिरवी. या शनिवारी लाल, पुढच्या शनिवारी हिरवी. लावायची, कॉपी करायची, काढायची. जिची पाळी नाही ती घरी, दुसऱ्या मजल्यावर, माळ्यावरच्या स्टीलच्या डब्यात. आणि दर तीन महिन्यांनी तिच्यातली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची. न उघडलेला बॅकअप हा नुसता समज असतो.

"माझं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी : ड्राइव्ह संगणकाशी सिंक असेल तर बिघडलेली फाइलही इमानेइतबारे वर चढते. एक्सेल, पीडीएफसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या तिथं साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. तेवढ्या मुदतीत लक्षात आलं तर एकेक करून परत घेता येतात. महिनाभरानं आलात तर मीही काही करू शकत नाही.

'सगळं टाकून द्या'

नवीन मशीन घेणारा प्रत्येक जण हे म्हणतो. ऑफिस टाका, फोटोशॉप टाका, मराठी फॉन्टचा पॅक टाका, पैसे मात्र फक्त विंडोजचे, तेही नको असतील तर बरंच. कबूल करतो, सुरुवातीच्या काळात मीही टाकून दिलंय. सीडीच्या पाकिटावर मार्करनं नंबर लिहिलेला असायचा. आता देत नाही, आणि त्यापायी गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं तरी चालतं. ते परत येतं, फक्त जास्त बिल घेऊन येतं.

पत्रं, हिशेब, अर्ज यांना लिबरऑफिस पुरतं. बॅनरला गिम्प किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी. मराठी टायपिंगचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की झालं. शिकायला चार दिवस लागतात. पण चार दिवस कुणाला आहेत? सगळ्यांना बॅनर आज संध्याकाळी लावायचा असतो.

फॉरमॅट मारला की संपलं?

नाही संपलं. हल्ली क्रॅकमधून येणारं बरंचसं सामान फाइलींना हातच लावत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (लॉगिन चालू ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलायच्या आणि गुपचूप निघून जायचं, एवढंच त्याचं काम. मशीन झकास चालतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. नंतर जीमेल जातं. फॉरमॅट मारून मशीन साफ होईल, चोरीला गेलेला पासवर्ड कसा परत येणार? दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून आधी मेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे. सगळीकडे 'साइन आउट ऑफ ऑल डिव्हायसेस' करा, कारण नुसता पासवर्ड बदलून काही ठिकाणी जुनं लॉगिन जिवंत राहतं. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, चालू करा. हे सगळं त्याच बाधित मशीनवर बसून करणारे लोक मी पाहिलेत. नवा पासवर्ड चोराला ताजा ताजा पोचवायचा प्रकार.

'मी रोबो नाही' म्हणत विंडोज-आर दाबणं

दोनेक वर्षांत आलेला प्रकार. एखाद्या साइटवर चौकोन येतो, माणूस असल्याचं सिद्ध करा. नेहमीसारखी चित्रं ओळखायला सांगत नाही, तर विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर, असं सांगतो. साइटनं तोवर तुमच्या क्लिपबोर्डवर एक आज्ञा गुपचूप ठेवलेली असते. तुम्ही ती स्वतःच्या हातानं चालवता, त्यामुळे ब्राउझरनंही अडवलेलं नसतं. खरा कॅप्चा (माणूस की रोबो ते तपासणारा चौकोन) ब्राउझरच्या बाहेर काहीही करायला सांगत नाही. सांगितलं की टॅब बंद.

भोंगा वाजणारी खिडकी

'तुमचा संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा.' मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींनी फोन लावला, समोरच्यानं गोड हिंदीत रिमोटचं ॲप टाकायला लावलं, आणि बँकेचं पान उघडायला सांगितल्यावर गुरुजींना शंका आली. शंका आली ती त्याच्या व्याकरणावरून. पण सगळेच काही गुरुजी नसतात. खिडकी बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर मारा आणि परत उघडताना जुने टॅब आणू नका. कोपऱ्यात सारख्या 'पाच व्हायरस सापडले' अशा सूचना येत असतील, तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. कधीतरी कुठल्यातरी साइटला 'अलाऊ' केलेलं असतं. ब्राउझरच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये जाऊन ती साइट काढा. यासाठी माझ्याकडे येऊन शंभर रुपये देऊ नका.

पेनड्राइव्ह

फॉर्म भरायच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह म्हणजे यात्रेतला सार्वजनिक पेला. फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले की लोक घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात. करू नका. फाइली बहुधा आतच असतात, लपवलेल्या. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हिडन' फाइली दाखवा आणि 'प्रोटेक्टेड सिस्टिम फाइल्स लपवा' याची टिक काढा, त्या दिसतील. त्या शॉर्टकटवर मात्र क्लिक करायचं नाही, व्हायरस तिथूनच चालतो. तिथंच आसपास फाइलींची एक्सटेन्शन्स दाखवायची टिक आहे, तीही कायमची चालू ठेवा. मग 'बिल.पीडीएफ' म्हणून आलेल्या पाहुण्याचं आडनाव '.ईएक्सई' आहे, म्हणजे तो कागद नसून प्रोग्राम आहे, हे कळेल.

किरकोळ, पण रोजचं

दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. पुण्याचं क्विक हील घ्या किंवा विंडोजचा डिफेंडर राहू द्या, एकच.

डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, यूएसबी टोकन रिटर्न भरून झालं की काढा. पिन कागदावर लिहून टोकनलाच चिकटवलेला मी पाहिलाय.

रोजच्या वापराचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर नको. पोरांना तर नकोच.

अपडेट पुढे ढकलू नका. आपोआप शिरणाऱ्याची गोष्ट सांगतो म्हणालो होतो, ती हीच. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' जगभर पसरला, कुणी काही न उघडता, एका मशीनवरून दुसऱ्यात. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने लोक 'रिमाइंड मी लेटर' दाबत बसले. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, पण नोंदणी करावी लागते.

झालंच तर

फाइलींची नावं डोळ्यांदेखत बदलताना दिसली तर वायफाय बंद, लॅनची वायर काढा, यूएसबीतलं सगळं ओढून काढा आणि पॉवरचं बटण दाबून धरा. चालू मशीनच्या मेमरीत तपासाला उपयोगी धागेदोरे असतात, म्हणून बंद करू नये, असं काही जाणकार म्हणतात. मोठ्या ऑफिसात ते ठीक. दुकानातल्या एकट्या मशीनला मी बंदच करायला सांगतो, निदान उरलेल्या फाइली वाचतात. स्क्रीनवरच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढा. कुलूप लागलेल्या फाइली पुसू नका, आज नाही तर उद्या किल्ली निघू शकते. पैसे गेले असतील तर माझ्याकडे यायच्या आधी १९३० वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करा. तिथं तासांचा हिशेब असतो, मी तर संध्याकाळी आठपर्यंत दुकानात आहेच.

आणि लॅपटॉप आणताना चार्जर आणत जा हो. निम्मी माणसं विसरतात.