दोन ब्लॉकचेन जोडायला शिकताना

ब्रिजचं, म्हणजे दोन चेन जोडणाऱ्या यंत्रणेचं, काम शिकणारे बहुतेक जण टोकन इकडे लॉक आणि तिकडे मिंट (नव्याने तयार) कसं होतं इथून सुरुवात करतात. तो भाग दोन दिवसांत कळतो. खरा प्रश्न वेगळा: पलीकडच्या चेनवर अमुक घडलं, हे अलीकडे कोण तपासतं? मार्च 2022 मध्ये रोनिन ब्रिज लुटला गेला तेव्हा पैसे काढायला 9 पैकी 5 व्हॅलिडेटरच्या (व्यवहार तपासणाऱ्यांच्या) सह्या पुरत होत्या आणि त्या सह्यांच्या 5 गुप्त किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोमॅड या ब्रिजमध्ये अपग्रेड करताना शून्य हा रूटच (संदेश खरा की नाही हे ज्यावरून ठरतं ती किंमत) वैध ठरला, म्हणजे पुरावा नसलेला संदेशही खरा धरला गेला. मग दुसऱ्याचा व्यवहार उचलायचा, पत्ता आपला घालायचा, एवढंच उरलं.

हात बसवायला आयबीसी (चेनमध्ये संदेश नेण्याचा प्रोटोकॉल) घ्या, कारण तिथे लाइट क्लायंट, म्हणजे एका चेनवर ठेवलेली दुसरीची हलकी नोंद, पुरावा तपासतो आणि सगळे भाग उघडे दिसतात. लॅपटॉपवर दोन कॉसमॉस चेन चालवा, मध्ये हर्मिस हा रिलेअर, म्हणजे संदेश इकडून तिकडे नेणारा प्रोग्राम, बसवा. त्याच्या वॉलेटमध्ये दोन्हीकडचं गॅसचं (व्यवहार शुल्काचं) टोकन हवं. हे हमखास राहून जातं. आधी दोन्हीकडे क्लायंट, मग कनेक्शन (त्या दोन क्लायंटची जोडणी), मग चॅनल (टोकन जाते ती वाट). शेवटच्या दोन्हींना प्रत्येकी चार संदेशांचं हँडशेक (एकमेकांची खात्री पटवणं) लागतं.

आता टोकन पाठवा. पलीकडे त्याचं नाव 'आयबीसी/' आणि पुढे लांबलचक हॅश असं दिसेल. हा हॅश पोर्ट (चॅनलचं चेनवरचं टोक), चॅनल आणि मूळ नाव यांचा असतो. म्हणून तेच टोकन दुसऱ्या चॅनलने गेलं की वेगळंच टोकन ठरतं. नवख्यांच्या निम्म्या तक्रारी इथल्याच.

मग रिलेअर मुद्दाम बंद करून पाठवा. पैसे एस्क्रोमध्ये (मूळ चेनवरच्या राखीव खात्यात) अडकतात. पॅकेटची (पाठवलेल्या संदेशाची) मुदत टळली म्हणून ते आपोआप परत येत नाहीत. पॅकेट पोचलं नाही याचा पुरावा कुणीतरी मूळ चेनवर द्यावा लागतो. हा प्रयोग टाळू नका, लॉग वाचायची सवय इथेच लागते. एकाच किल्लीवर दोन रिलेअर चालवले तर 'सिक्वेन्स मिसमॅच' (व्यवहारांचा क्रमांक जुळत नाही) हा एरर येतो. किल्ल्या वेगळ्या ठेवा.

प्रत्यक्ष कामात सगळ्यात महाग चूक म्हणजे क्लायंट एक्स्पायर होऊ देणं. ट्रस्टिंग पीरियड (क्लायंट शेवटच्या अपडेटवर विश्वास ठेवतो तो काळ) अनबाँडिंगपेक्षा (व्हॅलिडेटरचं तारण सुटायला लागणाऱ्या काळापेक्षा) कमीच असावा लागतो. 21 दिवसांच्या अनबाँडिंगला साधारण 14 दिवस ठेवतात. तेवढ्या काळात एकही अपडेट गेलं नाही की चॅनल ठप्प, आणि क्लायंट जिवंत करायला गव्हर्नन्स प्रस्ताव (चेनवरच्या मतदानाला टाकलेला प्रस्ताव) मंजूर करून घ्यावा लागतो. वर्दळ नसलेल्या चॅनलवर अलार्म आधी लावा.