चेनसॉच्या चेनला धार लावताना कोन किती ठेवायचा?

मशीन नवीन, पेट्रोल-ऑइलचं मिश्रण बरोबर, तरी लाकूड कापत नाही. जोर लावून दाबावं लागतं आणि खाली बारीक भुगा पडतो. अशा वेळी बहुतेक जण कार्बोरेटर खोलून बसतात. आधी चेन बघा. धार लावूनही मशीन कापत नसेल, तर ती चुकीच्या कोनात लागली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आधी दात नीट बघा

चेन साफ करून एक दात उजेडात धरा. त्याला दोन धारा दिसतील. वरच्या पट्टीची धार रंध्याच्या पात्यासारखी लाकूड सोलून काढते. बाजूची उभी धार तंतू आडवे तोडते. दोन्ही धारा मिळतात तो पुढचा कोपरा लाकडात सर्वांत आधी शिरतो आणि बोथटही तोच आधी होतो. दाताच्या पुढे ठेंगणा उंचवटा असतो, तो डेप्थ गेज. दाताने एका वेळी किती खोल शिरायचं, हे तो ठरवतो.

दातांची ही रचना जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याची. १९४६ साली त्याने ओरेगॉन राज्याच्या जंगलात एका बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. डाव्या-उजव्या जबड्याने ती तंतूंच्या दिशेने आणि तंतूंना आडवी, दोन्हीकडे सहज पुढे सरकत होती. तशाच आकाराचे, एक डावा एक उजवा असे दात त्याने चेनला बसवले आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. आपल्या हातातल्या चेनचे दात आजही मूळ त्याच आकाराचे आहेत.

चेन कोणती, त्यावर कानस कोणती

कोनाआधी कानशीचा व्यास बरोबर हवा. पिच, म्हणजे चेनचं माप, कळण्यासाठी लागोपाठच्या तीन रिव्हेटांचं अंतर मोजा आणि दोनाने भागा. तीन रिव्हेटांत साडेसोळा मिलिमीटर भरले, तर ती ०.३२५ इंची चेन. बाजारात मिळणाऱ्या ५२-५८ सीसीच्या मशीनवर सहसा हीच असते, तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. छोट्या आणि बॅटरीवरच्या मशीनवर बारीक दातांची ३/८ लो-प्रोफाइल चेन असते, तिला ४ मिलिमीटरची. मोठ्या ३/८ चेनला बनावटीप्रमाणे ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची. चेनच्या पाकिटावर व्यास आणि कोन दोन्ही छापलेले असतात. ते पाकीट फेकू नका.

आता कोन निवडा

वरच्या पट्टीचा कोन मोजतात तो बारला, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पात्याला, काटकोनात असलेल्या रेषेपासून. कानस बारला अगदी आडवी धरली तर शून्य, आणि तिरपी करत जाल तसा कोन वाढतो. कोन वाढला की पुढचा कोपरा निमुळता होतो, झपाट्याने कापतो, पण लवकर बोथट होतो. कोन कमी केला की कोपरा जाड राहतो, कापायला थोडा सावकाश, पण धार टिकते.

३० अंश हा बहुतेक चेनचा कारखान्यातला कोन. आंबा, सावर, गुलमोहर, ओली निलगिरी असं रोजचं लाकूड आडवं कापायला यापेक्षा वेगळं काही करायची गरज नाही. नव्याने शिकणाऱ्याने ३० वरच राहावं, असं माझं ठाम मत आहे.

वाळलेली बाभूळ, सुरू, जुना साग यांना २५ अंश. सागात सिलिका असते, ती धार खाते. नारळाचं खोडही बाहेरून भलतंच कठीण. मातीने माखलेल्या लाकडालाही २५च. २०२० च्या निसर्ग आणि २०२१ च्या तौक्ते वादळांनंतर कोकणात मुळासकट आडवी झालेली झाडं कापावी लागली. अशा बुंध्याच्या सालीत माती आणि वाळू घुसलेली असते. तिथे ३० अंशांचा टोकदार कोपरा फार वेळ तग धरत नाही. अशा कामाला दात गोलसर कोपऱ्याचा, म्हणजे सेमी-चिझल घ्यावा. चौकोनी कोपऱ्याचा फुल-चिझल स्वच्छ लाकडात वेगवान असतो, पण मातीला लागला की कोपरा गेलाच.

मऊ आणि स्वच्छ लाकडात काही जण ३५ पर्यंत जातात. वेगात थोडा फायदा होतो, पण कानस पुन्हा लवकर हातात घ्यावी लागते. मला तो सौदा परवडणारा वाटत नाही.

ओंडक्यातून फळ्या काढायच्या असतील तर मात्र सगळा हिशेब बदलतो. तिथे चेन तंतूंच्या दिशेने, उभी चालते. त्यासाठी कोन १० अंशांच्या आसपास ठेवतात. फळी गुळगुळीत निघते आणि मशीन सरळ चालतं. या कामाला चेन वेगळीच ठेवा. ३० अंशांची चेन घासून १० वर आणायची आणि पुन्हा ३० वर न्यायची, तर निम्मा दात त्यातच संपेल.

कानस धरताना

मशीन बंद करा, प्लगची कॅप काढा. बॅटरीचं असेल तर बॅटरी काढून ठेवा. हातमोजे घाला. बार शिकंजात किंवा ओंडक्याला खाच पाडून त्यात घट्ट बसवा, आणि चेन एरवीपेक्षा थोडी ताणून घ्या, म्हणजे दात डगमगणार नाही.

बहुतेक दातांच्या वरच्या पट्टीवर मागच्या बाजूला एक तिरपी रेघ कोरलेली असते. कानस तिला समांतर धरली की कारखान्याचा कोन मिळतो. २५ किंवा १० हवा असेल तर कोनाच्या खुणा असलेली फाइल गाइड घ्या, नुसत्या नजरेवर जाऊ नका.

कानस आतून बाहेर, फक्त पुढे जाताना घासायची. मागे आणताना उचलायची. तिचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर दिसला पाहिजे. बाजूच्या धारेचा कोन या उंचीवरूनच ठरतो. कानस खाली गेली तर दात आकड्यासारखा होतो, लाकडात अडकतो आणि लगेच बोथट होतो. वर राहिली तर धार मागे कलते आणि मशीन कितीही दाबलं तरी घसरत राहतं. कानशीची मूठ बहुतेक चेनला समतल ठेवायची. काही फुल-चिझल चेनना ती १० अंश खाली लागते, तसं असेल तर पाकिटावर लिहिलेलं असतं.

सर्वांत झिजलेल्या दातापासून सुरुवात करा. वरच्या धारेवर उजेड पाडा. पांढरी चमक दिसली तर तिथे अजून धार नाही. चमक गेली की थांबा. एका बाजूचे सगळे दात आधी, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. सगळे दात पहिल्या दाताच्या लांबीला आणा. व्हर्नियरने मोजलं तर उत्तम. कोन २८ झाला की ३० याने फारसं बिघडत नाही. डावीकडे २५ आणि उजवीकडे ३३ झाला तर काप तिरका जाणारच.

ग्राइंडरवर लावत असाल तर

चार इंची ग्राइंडर हातात धरून धार लावून देणारे बाजारात पुष्कळ भेटतात. पाच मिनिटांत काम होतं, पण प्रत्येक दाताचा कोन वेगळा निघतो. चेनसाठीचं टेबल ग्राइंडर असेल तर शिकंजा ३० किंवा हव्या त्या कोनात फिरवा आणि चाकाचा कल चेनप्रमाणे ५५ ते ६० अंश ठेवा. ०.३२५ आणि लो-प्रोफाइलला ३.२ मिलिमीटर जाडीचं चाक चालतं. चाक दाताला हलके, थांबून थांबून टेकवा. धार निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं. तेवढा भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय तो दात धार धरणार नाही.

डेप्थ गेज

तीन-चार वेळा धार लावून झाली की दात बुटका होतो आणि डेप्थ गेज त्याच्या बरोबरीला येतो. मग कोन कितीही अचूक असला तरी चेन लाकडावरून नुसती घसरते. गेजची पट्टी ठेवून चपट्या कानशीने तो घासा. ०.३२५ आणि लो-प्रोफाइल चेनला दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली पुरे. घासल्यावर पुढची कड पुन्हा गोलसर करा. जास्त काप मिळेल म्हणून गेज खूप उतरवू नका. दात हिसका मारतो आणि बार उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो.

तपासणी

चेनचा ताण पूर्ववत करा आणि स्वच्छ ओंडक्यावर एक काप घ्या. आडव्या कापात खाली जाडसर कपच्या पडल्या आणि मशीन स्वतःच्या वजनाने उतरलं तर झालं. फळी काढताना लांब दोऱ्यासारखे तंतू निघतात, ते चालतात. काप वाकडा गेला तर डाव्या-उजव्या दातांची लांबी आणि कोन पुन्हा जुळवून बघा. धार छान लागली पण लवकर गेली, तर पुढच्या वेळी ५ अंश कमी करा, आणि बाकी काहीही बदलू नका, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. कोरलेल्या रेघेपर्यंत दात झिजला की चेन बदला.